प्रागचा दगडी पूल: कागद जमवण्यापासून कमानीखाली हात टेकवेपर्यंत

बाबा कुठल्याही पुलावरून गेले की पलीकडे पोचल्यावर गाडी थांबवायला सांगतात आणि खाली उतरून खांब बघून येतात. गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा त्यांचं वय ३२. तो पूल त्यांनी बांधलेला नव्हता, पण त्यानंतर कित्येक वर्षं ते नदीपलीकडच्या बेतीहून फेरीबोटीने ऑफिसला जात, आणि रोज त्या मोडक्या खांबांकडे बघत. त्याच सुमारास त्यांनी एक वही घातली. जगातले जे पूल टिकले त्यांची वही. पहिल्याच पानावर प्रागचा चार्ल्स ब्रिज आहे: पायाभरणी १३५७, लांबी ५१६ मीटर, कमानी १६, दगड वालुकाश्म.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही ओल्ड गोव्याला शवप्रदर्शनाला गेलो. दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॉम जेझू बासिलिकातून से कॅथेड्रलमध्ये आणतात. आमच्यासारखी हिंदू घरंही 'गोंयच्या सायबा'च्या दर्शनाला जातात. रांगेत दोन तास गेले. रात्री घरी येऊन सहज शोधता शोधता मला दिसलं की बाबांच्या वहीतल्या त्या पुलावर जे तीस पुतळे आहेत, त्यात एक झेवियरचा आहे. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "जाऊया का?" मी विचारलं. ते म्हणाले, "पासपोर्ट २०२८ पर्यंत आहे माझा." म्हणजे हो.

मी फोंड्याला एका सहकारी बँकेत आहे. युरोपला कधी गेले नव्हते. ७१ वर्षांच्या माणसाला घेऊन, एजंटशिवाय, हे सगळं करता येतं का, याची मला भीती होती. तशीच भीती असलेल्या कुणासाठी तरी हे तपशिलात लिहिते आहे.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून पंधरा दिवसांवर हिशेब करू नका. आम्ही एप्रिल ठरवला आणि २० जानेवारीला तारीख शोधायला बसले. मुंबईच्या अर्ज केंद्रात पहिली जागा मिळाली ती १३ फेब्रुवारीची. मधले साडेतीन आठवडे कागदांत गेले, आणि ते सगळे लागले.

माझे कागद सोपे होते: सहा महिन्यांचं खातेविवरण बँकेच्या शिक्क्यासह, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, रजा मंजूर असल्याचं लेटरहेडवरचं पत्र. बाबांचं पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि पासबुक. त्यांचा खर्च मी करणार असल्याचं पत्र, आणि ते माझे वडील असल्याचा पुरावा म्हणून माझा जन्मदाखला. इथे अडलं. बाबांचा जन्म १९५४ चा, पोर्तुगीज काळातला. त्यांच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेलं आहे, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. शाळेत तेच लागलं, नोकरीत तेच, माझ्या जन्मदाखल्यातही वडिलांचं नाव तसंच. पासपोर्टवर मात्र सरळ के. गोव्यातल्या जुन्या घरांत हे सर्रास असतं आणि एरवी कुणी विचारतही नाही, पण परदेशी कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं दिसतात. पणजीत कोर्टाजवळ नोटरीकडून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. स्टॅम्पपेपरसह चारशे रुपये आणि एक सकाळ. तुमच्याकडे असा फरक असेल तर तो आधीच शोधा, केंद्रावर कळला तर तारीख वाया जाते.

त्या दिवशी नोटरीच्या बाकावर बसल्या बसल्या बाबा आपल्या दोन नावांकडे बघत होते. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. आमच्या नात्यातल्या कितीतरी जणांनी ते घेतलं, त्यांना या व्हिसाची गरजच नाही. बाबांनी घेतलं नाही. मी त्याबद्दल त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "रांगेत उभं राहून जाऊ, बाय. काही बिघडत नाही."

विमा कमीत कमी तीस हजार युरोचा लागतो, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तो महाग पडतो: माझा बाराशे रुपयांत झाला, बाबांचा चार हजारांच्या वर गेला. हॉटेल असं निवडलं की आरक्षण शेवटपर्यंत फुकट रद्द करता येईल. विमानाचं फक्त आरक्षण दाखवलं, तिकिटाचे पैसे भरले नाहीत. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही गुंतवू नका.

१२ तारखेला संध्याकाळी करमळीहून कोकणकन्या पकडली, पहाटे मुंबई. केंद्रात मोबाइल बंद, पिशव्या बाहेर. खिडकीवरच्या मुलीने कागद एकेक करून लावून घेतले आणि विम्यावर थांबली. पॉलिसी एक दिवस कमी होती. निघण्याची तारीख धरली होती, परतीचा दिवस सुटला होता. चूक विमा काढणाऱ्याची होती, पण तपासायचं मी होतं. तिने दुपारी दोनपर्यंत वेळ दिला. मी रस्त्यावर उभी राहून तीन फोन केले. सुधारलेली पॉलिसी ईमेलवर आली आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तिची प्रत काढून पावणेदोनला परत खिडकीवर. तो एक तास मला अजून आठवतो. बाबा आत खुर्चीत बसून होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मग बोटांचे ठसे. माझे एका फेरीत झाले. बाबांचे उठेनात. साइटवर चुना-सिमेंट हाताळून आणि वयानेही बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलाने ओलं फडकं दिलं, बोटं पुसायला लावली, हलका दाब द्यायला सांगितलं, आणि चौथ्या खेपेला दहाही बोटं उमटली. वयस्क माणसं बरोबर असतील तर आदल्या रात्रीपासून हातांना खोबरेल किंवा क्रीम लावून ठेवा. हे आम्हाला नंतर कळलं.

व्हिसा शुल्क माणशी ९० युरो, जून २०२४ पासून एवढं आहे. केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरियर धरून दोघांचे सुमारे एकवीस हजार रुपये झाले. अर्ज नाकारला तरी हे परत मिळत नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे. रोज सकाळी अर्जाची स्थिती बघायची, रोज तेच वाक्य. मी बाबांसमोर ते पान उघडत नसे. ६ मार्चला कुरियर आला. मी बँकेत होते. बाबांनी पाकीट फोडलं नाही, संध्याकाळपर्यंत देवघरासमोर ठेवलं. दोन्ही पासपोर्टवर स्टिकर होता. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या नीट वाचा. तारखांची मुदत आम्हाला पंधरा दिवस जास्त मिळाली होती, पण राहण्याचे दिवस सहाच. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजतात. मुदत बघून मुक्काम वाढवला तर अडचणीत याल.

९ एप्रिलला पहाटे गोव्याच्या मोपा विमानतळाहून दोहा, तिथून प्राग. बाबांसाठी विमानतळावरची चाकाची खुर्ची दोन दिवस आधी फोन करून मागितली होती, तिला पैसे पडत नाहीत. त्यांनी आधी नको म्हटलं, मग दोहातलं अंतर बघून मुकाट बसले. प्रागला अधिकाऱ्याने हॉटेलचा कागद आणि परतीचं तिकीट मागितलं. किती दिवस, कशासाठी? बाबांनी माझ्याआधीच उत्तर दिलं, "ब्रिज." त्याने मान वर करून बघितलं आणि शिक्का मारला.

चेक प्रजासत्ताकात युरो नाही, क्राउन चालतो. तेव्हा एका क्राउनला आपले पावणेचार रुपयांच्या आसपास पडत होते. रस्त्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांवर जाऊ नका. एटीएममधून काढा, आणि 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं यंत्राने विचारलं तर नको म्हणा. २४ तासांचं तिकीट १२० क्राउनला मिळालं, ते पहिल्या प्रवासाला पिवळ्या यंत्रात एकदा छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. विमानतळाहून ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग हिरवी मेट्रो, स्तारोम्येस्त्स्का स्थानकात उतरलो. तिथले सरकते जिने आपल्यापेक्षा बरेच वेगात चालतात. बाबांना मी कोपराला धरलं.

संध्याकाळी आम्ही पुलाकडे गेलोच नाही. हे मी मुद्दाम केलं. दिवसभर तिथे इतकी गर्दी असते की दगड दिसत नाही, आणि बाबांनी पहिल्यांदा तो गर्दीत बघू नये असं मला वाटत होतं.

१० तारखेला पहाटे पाचला निघालो. थंडी पाच अंशांच्या आसपास. रस्ते छोट्या छोट्या दगडांचे, गुडघ्यांना त्रास देणारे, त्यामुळे सात मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटं लागली. नदीकाठच्या चौकात चौथ्या चार्ल्स राजाचा पुतळा आहे, त्याच्यामागे अंधारात काळा मनोरा. मनोऱ्याखालच्या कमानीतून बाहेर आलो आणि पूल समोर होता. गॅसचे दिवे जळत होते, पिवळे. दोन्ही कठड्यांवर पुतळ्यांच्या सावल्या. पार पलीकडे टेकडीवर किल्ला. आमच्याशिवाय एक धावणारी बाई आणि तिपाईवर कॅमेरा लावलेला एक मुलगा. बाबा थांबले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अजून सहा मिनिटं आहेत."

ती सहा मिनिटं कशाची ते सांगते. चार्ल्सने या पुलाचा पहिला दगड बसवला तो ९ जुलै १३५७ रोजी, आणि परंपरा सांगते की पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी. वर्ष, दिवस, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहिली की १-३-५-७-९-७-५-३-१ होतं: चढत जाऊन उतरणारे विषम आकडे, पुलाच्या कमानीसारखे. बाबांना यात काही नवल वाटत नाही. "मुहूर्त काढल्याशिवाय कोण पाया भरतो?" ते म्हणतात. मुहूर्त काढायला कारणही होतं. याच जागेजवळ बाराव्या शतकात बांधलेला ज्युडिथ पूल होता, तो १३४२ च्या पुरात वाहून गेला. म्हणून या पुलाला सगळं बघून घेतलं. बांधकाम पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं, आणि १८४१ पर्यंत शहरात व्ल्तावा नदीवर हा एकच पूल होता. चार्ल्सचं नाव त्याला १८७० मध्ये मिळालं, तोवर तो नुसता दगडी पूल होता.

५ वाजून ३१ मिनिटांनी बाबांनी कठड्याला हात लावला. काही बोलले नाहीत. मीही हात लावला. दगड ओला होता.

मग उजाडेपर्यंत आम्ही एकेक पुतळ्यापाशी थांबत चाललो. जुन्या शहराच्या बाजूने निघालं की उजवीकडचा आठवा पुतळा नेपोमुकच्या संत जॉनचा, १६८३ चा, पुलावरचा सगळ्यात जुना. राजाज्ञेने त्याला १३९३ मध्ये इथूनच नदीत टाकलं होतं. त्याच्या चौथऱ्यावरचे पितळी पत्रे लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे लखलखीत केलेत. दिवसा तिथे रांग असते. त्या पहाटे कुणी नव्हतं.

पण आम्ही ज्याच्यासाठी आलो तो त्याच्या अलीकडे, डावीकडचा पाचवा. फर्डिनांड ब्रोकॉफने १७११ मध्ये घडवला. उंचावर झेवियर, एका हातात उंच धरलेला क्रूस. त्याच्या पायाशी बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकलेला पूर्वेकडचा एक राजपुत्र. आणि खाली हा सगळा डोलारा खांद्यांवर पेलणारी माणसं, आशियातली, आफ्रिकेतली, जशी त्या काळच्या युरोपला वाटत असत तशी.

आम्ही दोघंही बराच वेळ तिथे उभे होतो. आमचं कुलदैवत मंगेश. १५६० मध्ये लोकांनी त्याला कुठ्ठाळीहून उचलून झुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेलं, पोर्तुगीज देवळं पाडत होते, देऊळ वाचणार नाही म्हणून. त्या नदीवर तेव्हा पूल नव्हता. झेवियर धर्मप्रसारासाठी गोव्यात पोचला १५४२ मध्ये. या दोन गोष्टी एका घरात नांदतात, आम्ही प्रियोळलाही जातो आणि डिसेंबरात ओल्ड गोव्यालाही. हे कसं ते मला बाहेरच्या माणसाला कधी नीट समजावता आलेलं नाही. त्या पुतळ्यापुढे मला राग आला, आणि आपल्या गावचं माणूस परक्या शहरात भेटावं तसं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

बाबा वर बघतच नव्हते. ते वाकून खालचे खांदे बघत होते. "वजन कुणावर आलंय बघ," ते म्हणाले.

हा पुतळा मूळचा नाही. सप्टेंबर १८९० च्या पुरात वाहून आलेले ओंडके कमानींना अडकले, पाणी तुंबलं आणि पुलाच्या तीन कमानी कोसळल्या. त्यांच्याबरोबर हा झेवियर आणि समोरच्या कठड्यावरचा त्याचा सहकारी संत इग्नेशियस लोयोला नदीत पडले. लोयोला पुलावर परत आला नाही, त्याच्या जागी आता संत सिरिल आणि मेथोडियस आहेत. झेवियरची प्रत १९१३ मध्ये बसवली. म्हणजे बाबांच्या वहीतला 'टिकलेला' पूलसुद्धा एकदा पडला होता. त्यांना हे माहीत नव्हतं. मला वाटलं वाईट वाटेल, पण त्यांचा चेहरा उजळला. पुन्हा उभा कसा केला, पाया कुठवर खणला, कमानींना किती दिवस आधार ठेवला, त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं.

साडेसहानंतर लख्ख उजाडलं, आठपर्यंत गटच्या गट यायला लागले. नऊनंतर चित्रं विकणारे, वाजवणारे, आणि खांद्याला खांदा. पिशवी पोटाशी धरा. स्वच्छतागृहाला सुटे पैसे लागतात, ते खिशात असू द्या. जुन्या शहराकडच्या मनोऱ्यावर मी एकटी चढले, १३८ पायऱ्या, बाबा खाली बाकावर. तो चार्ल्सचा स्थपती पेटर पार्लर याच्या काळातला. १६२१ मध्ये राजाविरुद्ध बंड केल्याबद्दल मृत्युदंड दिलेल्या २७ जणांपैकी बारांची डोकी याच मनोऱ्यावर टांगली होती, दहा वर्षं. वरून पूल सरळ नाही हे कळतं, मध्ये किंचित वळतो. खाली आल्यावर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, चालताना पायाला कळलं होतं.

एक गोष्ट बहुतेक लोक चुकवतात, ती चुकवू नका. पलीकडच्या तीराच्या थोडं अलीकडे डावीकडे कांपा बेटावर उतरणारा जिना आहे. पूल त्या बेटावरून, म्हणजे जमिनीवरून, पुढे जातो. त्यामुळे तुम्ही त्याच्या कमानीखाली चालत जाऊ शकता. बाबांचा खरा चार्ल्स ब्रिज तिथे होता. दगडांचे सांधे त्यांनी बोटाने चाचपले. चुन्यात अंडी घातली होती अशी तिथली गोष्ट आहे, गावोगावहून गाड्या भरून अंडी मागवली आणि वेल्वारी गावच्या लोकांनी फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, ते बाबांनी मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. मग पाण्यातल्या खांबांपुढची लाकडी तिकोनी चौकट दाखवली: वाहून येणारा बर्फ खांबावर आपटण्याआधी तिथे फुटतो. "आपल्याकडे ओंडके येतात," ते म्हणाले, आणि रायबंदरच्या पोंते द लिन्यारीसबद्दल बोलायला लागले, १६३३ मध्ये जांभ्या दगडात सुरू केलेला, ज्याच्यावरून आपण रोज जातो आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही. तळहात कमानीला टेकवून ते दहा मिनिटं बोलत होते. नोकरीतल्या गोष्टी, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. १९८६ च्या त्या जुलैमध्ये साहेबांनी त्यांना बेतीच्या धक्क्यावर उभं केलं होतं, लोकांना फेरीबोटीत नीट चढवायला, आणि लोक त्यांच्या खात्याला शिव्या देत होते. ते ऐकून घेत.

पुढचे तीनही दिवस आम्ही पहाटे पुलावर गेलो. किल्ला, खगोलीय घड्याळ, ईस्टरचा बाजार हेही बघितलं, त्याबद्दल वाचायला पुष्कळ मिळेल. दोघांचा सगळा खर्च, व्हिसापासून जेवणापर्यंत, दोन लाख चाळीस हजार झाला. त्यातली जवळजवळ निम्मी रक्कम विमानाची.

१४ एप्रिलला निघालो. फाइल मी मोडलेली नाही. प्रतिज्ञापत्र आत आहे, आणि वर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ठसे १३ फेब्रुवारी २०२५. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, तोवर पुन्हा अर्ज केला तर साधारणपणे ते नव्याने द्यावे लागत नाहीत. हे मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वही उघडी होती. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचा दगडी पूल, बारावं शतक, डॅन्यूब नदी. वाहून गेलेला ज्युडिथ पूल त्याच्या नमुन्यावर बांधला होता म्हणे. खाली बाबांनी विचारलंय, खांब किती.